धरणाखालच्या माणसांचे सेनापती



गेल्या उन्हाळ्यात घरभेटी देत असताना एका घरी गेलो. नळाला नुकतेच पाणी आले होते, त्यामुळे घरात सगळ्यांची धावपळ चालली होती. हंडे, बादल्या, पिंप, जे हाताला येईल ते भरून ठेवणे चालू होते. घरातल्या आजीबाई मात्र दाराशी शांत बसून होत्या. बोलता बोलता त्यांनी सांगितले की पैठणच्या ज्या नाथसागरातून हे पाणी येते, त्याच्या पोटात त्यांचे माहेर आहे. त्यांचे लग्न झाले आणि पुढे काही वर्षांनी गावच उठले. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. नातवंडांना पाणी मिळते याचे समाधानच होते. पण घरी परतताना माझ्या मनात एक प्रश्न घोळत राहिला. आपण जे पाणी पितो त्याची किंमत आपल्या आधी कोणीतरी चुकती केली आहे. ती किंमत देण्यापूर्वी त्या माणसाला कोणी विचारले होते का?

हा प्रश्न नवा नाही. शंभर वर्षांपूर्वी आपल्याच महाराष्ट्रात एका माणसाने तो सरकारला आणि देशातल्या मोठ्या कंपनीला विचारला आणि त्यापायी कित्येक वर्षे तुरुंगात काढली. त्यांचे नाव पांडुरंग महादेव बापट. लोक त्यांना सेनापती बापट म्हणून ओळखतात. आपल्यापैकी ज्यांची मुले पुण्याला किंवा मुंबईला कामाला आहेत त्यांनी सेनापती बापट मार्ग हे नाव नक्की ऐकले असेल. रस्त्याचे नाव सगळ्यांना ठाऊक असते, माणूस मात्र फार थोड्यांना ठाऊक असतो. म्हणून आज त्यांची जीवनकथा थोडक्यात सांगावी असे वाटले.

आजकाल वर्तमानपत्रांत हरित पक्षांविषयी वाचायला मिळते. नद्या, जंगले, जमीन आणि त्यांवर जगणारी माणसे यांचा प्रश्न घेऊन निवडणुका लढवणारे हे पक्ष आहेत. असा जगातला पहिला पक्ष १९७२ साली ऑस्ट्रेलियातील टास्मानिया बेटावर निघाला. विजेसाठी बांधल्या जाणाऱ्या धरणात तिथले पेडर नावाचे सुंदर सरोवर बुडणार होते, त्याला विरोध म्हणून. पुढे १९८३ साली जर्मनीच्या संसदेत हरित पक्षाचे खासदार निवडून आले. आपल्याकडे तसा पक्ष फारसा रुजला नाही. पण ज्या प्रश्नातून ते राजकारण जन्माला आले तो प्रश्न आपल्या मुळशीच्या शेतकऱ्यांनी टास्मानियाच्या पन्नास वर्षे आधी मांडला होता, आणि बापट त्यांचे सेनापती होते.

पारनेर ते पॅरिस

बापटांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी नगर जिल्ह्यातील पारनेर येथे झाला. घरची परिस्थिती बेताची, पण मुलगा अतिशय हुशार. शिष्यवृत्त्या मिळवत ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजपर्यंत पोहोचले. तिथे शिकत असतानाच त्यांनी देशासाठी आयुष्य वाहण्याची शपथ घेतली. पदवी मिळाल्यावर पुन्हा एक शिष्यवृत्ती मिळाली आणि १९०४ साली ते इंजिनियरिंगच्या शिक्षणासाठी स्कॉटलंडमधील एडिंबरो शहरी गेले.

परदेशात गेलेला गरीब घरचा मुलगा सहसा आपले शिक्षण पुरे करतो, चांगली नोकरी धरतो आणि घरादाराचे भले करतो. बापटांनी तसे केले नाही. इंग्रजी राज्यात आपल्या देशाची काय दशा झाली आहे, हे त्यांनी इंग्रजांच्याच देशात उघडपणे मांडले. परिणामी शिष्यवृत्ती गेली. लंडनला सावरकर आणि इतर क्रांतिकारकांशी त्यांचा संबंध आला. पुढे ते पॅरिसला गेले आणि तिथे रशियन क्रांतिकारकांकडून बॉम्ब तयार करण्याची माहिती मिळवून १९०८ च्या सुमारास भारतात परतले. त्यांच्याबरोबर पॅरिसला हीच विद्या शिकलेले बंगालचे हेमचंद्र दास होते.

इथे मला थोडे थांबावेसे वाटते. ३० एप्रिल १९०८ रोजी बिहारमधील मुझफ्फरपूर येथे एका इंग्रज न्यायाधीशाला मारण्यासाठी बॉम्ब टाकण्यात आला. तो पडला भलत्याच गाडीवर. त्यात केनेडी नावाच्या दोन निरपराध स्त्रिया, आई आणि मुलगी, मरण पावल्या. तो बॉम्ब हेमचंद्र दासांनी बनवला होता. बापटांचा त्या कृत्यात हात नव्हता. पण त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी आणलेली विद्या कुठे जाऊ शकते, हे त्या दिवशी सगळ्यांना दिसले. हत्यार एकदा हातातून सुटले की ते दोषी कोण आणि निर्दोष कोण हे पाहत नाही. बापटांचे थोरपण सांगताना त्यांच्या आयुष्याचा हा भाग झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

त्यानंतर बंगालमध्ये अलीपूरचा खटला चालला. एका माफीच्या साक्षीदाराने बापटांचे नाव घेतले आणि त्यांना भूमिगत व्हावे लागले. सुमारे चार वर्षे ते नाव बदलून देशभर हिंडत राहिले. या भटकंतीने त्यांचे डोळे उघडले. खेड्यापाड्यांतून फिरताना त्यांना कळले की असंख्य लोकांना आपल्यावर परक्यांचे राज्य आहे, याची नीट जाणीवसुद्धा नाही. ज्यांच्यासाठी लढायचे त्यांनाच लढा ठाऊक नसेल, तर चार तरुणांनी बॉम्ब टाकून काय होणार? १९१२ साली ते पकडले गेले. पुरेसा पुरावा नसल्याने पुढे सुटले आणि आपल्या गावी परतले.

हाती झाडू

पारनेरला आल्यावर बापटांनी जे काम सुरू केले ते पाहून गावाला नवल वाटले असेल. परदेशात इंजिनियरिंग शिकून आलेला हा ब्राह्मण पहाटे उठून हातात झाडू घेई आणि गावचे रस्ते झाडून काढी. मुलाच्या बारशाला त्यांनी पहिली पंगत बसवली ती त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांची. १९१४ चा तो काळ होता. पंगतीत कोण कुठे बसतो, कोणाला आधी वाढले जाते, यावर माणसाची किंमत ठरत असे. आपल्या मराठवाड्यात त्या पंगतीच्या बाहेर बसण्याचे दुःख ज्यांच्या आजा-पणजांनी भोगले आहे, त्यांना या एका गोष्टीचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

पुढे ते पुण्याला आले. वर्तमानपत्रात आणि डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या ज्ञानकोशाच्या कामात त्यांनी नोकरी केली, पण झाडू सुटला नाही. १९२० साली मुंबईच्या झाडूवाल्यांनी संप केला तेव्हा ते त्यांच्या बाजूने उभे राहिले. अंदमानच्या काळ्या पाण्यावर पाठवलेल्या राजबंद्यांची सुटका व्हावी म्हणून त्यांनी चळवळ चालवली. म्हणजे मुळशीला जाण्यापूर्वीच त्यांच्या राजकारणाची दिशा ठरली होती. ज्याच्याकडे कोणी पाहत नाही त्याच्या शेजारी जाऊन उभे राहायचे.

मुळशीचे खोरे

पुण्याच्या पश्चिमेला, सह्याद्रीच्या कुशीत, मुळशीचे खोरे आहे. पाऊस भरपूर, भाताची शेती आणि आंबेमोहोर तांदळाचा सुगंध. तिथे मुळा आणि निळा या नद्यांचा संगम होतो. या नद्यांचे पाणी एरवी पूर्वेकडे वाहून भीमा नदीला मिळते. टाटांच्या कंपनीने ठरवले की संगमाजवळ धरण बांधून हे पाणी अडवायचे, बोगद्यातून आणि नळांतून ते कोकणाच्या बाजूला कड्यावरून खाली सोडायचे आणि त्या जोरावर वीज तयार करायची. त्याआधी लोणावळ्याच्या बाजूला त्यांनी असाच प्रकल्प उभारला होता आणि १९१५ साली खोपोलीहून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली होती.

योजना हुशारीची होती. कोळशाचा धूर नाही आणि मुंबईच्या गिरण्यांना स्वस्त वीज. पण तळे भरले की खोऱ्यातली सुमारे पन्नास गावे, त्यांची भातखाचरे, देवळे आणि स्मशाने पाण्याखाली जाणार होती. सरकारने १८९४ च्या भूसंपादन कायद्याचा आधार घेऊन कंपनीसाठी जमिनी ताब्यात देण्याचे ठरवले. त्या कायद्यात भरपाईची तरतूद होती. मालकाची संमती घेण्याची अट मात्र नव्हती. मालकाने हो म्हटले काय आणि नाही म्हटले काय, जमीन जाणारच होती.

मावळे तयार नव्हते. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सुमारे १२०० सत्याग्रही धरणाच्या जागेवर जाऊन बसले. त्यांत शेतकरी होते, पुण्याहून आलेले कार्यकर्ते होते आणि स्त्रियाही होत्या. काम थांबले. महात्मा गांधींनीही आपल्या साप्ताहिकातून टाटांना आवाहन केले की गरिबांच्या जमिनी त्यांच्या मनाविरुद्ध घेऊ नका. कंपनीने काही महिने काम बंद ठेवले. लोकांना वाटले आपण जिंकलो.

पण वर्ष संपण्यापूर्वी काम पुन्हा सुरू झाले आणि खरी कसोटी लागली. बापट, विनायकराव भुस्कुटे आणि त्यांचे सहकारी गावोगाव फिरले. अटका, दंड आणि तुरुंग यांचे सत्र चालू झाले. याच लढ्यात लोकांनी बापटांना सेनापती ही पदवी दिली. ती कोणा राजाने दिलेली नव्हती. ज्यांची भातखाचरे जाणार होती त्यांनी ती दिली होती.

लढा का मोडला

मुळशीचा सत्याग्रह तीन वर्षे चालला आणि शेवटी हरला. धरण झाले. १९२७ साली भिरा येथून वीज निघू लागली. हा पराभव का झाला, हे समजून घेणे आपल्यासाठी महत्त्वाचे आहे.

खोऱ्यातल्या पुष्कळ जमिनी कागदावर पुण्याच्या सावकारांच्या नावावर होत्या. कर्जापायी शेतकऱ्यांनी त्या गहाण टाकल्या होत्या. शेतकरी जमीन कसत होता, पण नाव सावकाराचे. सुरुवातीला सावकारही चळवळीबरोबर होते. पुढे भरपाईची रक्कम चांगली मिळणार असे दिसू लागले आणि त्यांचे मन बदलले. जमीन गेली तरी सावकाराला पैसा मिळणार होता. कसणाऱ्याला मात्र घर, शेत आणि गाव तिन्ही गमवावे लागणार होते. एकाच जमिनीवर दोघांचा जीव होता, पण दोघांचा जीव सारख्या कारणाने नव्हता.

दुसरे कारण साधनांचे. गांधीजींनी पुढे हा लढा थांबवण्याचा सल्ला दिला. त्यांचे म्हणणे असे की बऱ्याच जमीनमालकांनी भरपाई स्वीकारली आहे, आणि चळवळीच्या पुढाऱ्याची अहिंसेवर पूर्ण निष्ठा नाही. हे दुसरे म्हणणे खोटे नव्हते. बापटांची सत्याग्रहाची कल्पना गांधीजींपेक्षा वेगळी होती. जे करायचे ते लपून न करता उघड करावे, त्याची शिक्षा आनंदाने भोगावी, आणि एवढे पाळले तर अन्याय थांबवण्यासाठी बळाचा वापरही करता येतो, असे त्यांना वाटे. डिसेंबर १९२४ मध्ये, लढा जवळजवळ संपलेला असताना, त्यांनी मोजक्या साथीदारांसह धरणाच्या कामावरची रेल्वे अडवली आणि हत्यार चालवले. मग पळून न जाता त्यांनी स्वतःला पोलिसांच्या हवाली केले. त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली आणि ती त्यांनी सिंधमधील हैदराबादच्या तुरुंगात काढली.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना साध्य आणि साधन यांवर आम्ही तासन्‌तास वाद घालत असू. बापटांचे आयुष्य वाचताना तो वाद पुस्तकातला राहत नाही. त्यांचे धैर्य निर्विवाद आहे. शिक्षा टाळण्याचा विचारही त्यांनी केला नाही. पण त्या रेल्वेवर जे होते ते कंपनीचे मालक नव्हते. पोटासाठी कामाला आलेली ती माणसे होती, मुळशीच्या शेतकऱ्यांसारखीच गरीब. आपण शिक्षा भोगायला तयार आहोत, एवढ्याने दुसऱ्याला इजा करण्याचा अधिकार मिळत नाही. मुझफ्फरपूरच्या गाडीत दोन स्त्रिया होत्या आणि मुळशीच्या रेल्वेवर कामगार होते. मला वाटते, बापटांच्या आयुष्यातली खरी शोकांतिका हीच आहे. त्यांचा प्रश्न पूर्णपणे न्याय्य होता आणि तरीही त्या दिवशी त्यांचे उत्तर चुकले. माणूस चुकला म्हणून त्याचा प्रश्न चुकीचा ठरत नाही, आणि प्रश्न बरोबर आहे म्हणून माणसाची चूक बरोबर ठरत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात धरून ठेवायला शिकले पाहिजे.

उरलेले राजकारण

१९३१ साली सुटल्यावर बापट महाराष्ट्र काँग्रेसचे अध्यक्ष झाले. पद मिळाले म्हणून ते सावध झाले नाहीत. भाषणांबद्दल लगेच पुन्हा शिक्षा झाली आणि १९३७ साली प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आल्यावरच ते बाहेर आले. म्हणजे चव्वेचाळिसाव्या वर्षापासून छपन्नाव्या वर्षापर्यंतचा, माणसाच्या कर्तेपणाचा काळ, त्यांनी बहुतेक गजाआड घालवला.

पुढे सुभाषचंद्र बोस यांनी १९३९ साली फॉरवर्ड ब्लॉक पक्ष काढला तेव्हा त्याच्या महाराष्ट्र शाखेची धुरा बापटांकडे आली. त्याच सुमारास निजामाच्या हैदराबाद संस्थानात नागरी हक्कांसाठी सत्याग्रह चालू होता. आपले जालनाही तेव्हा त्या संस्थानातच होते. बापट त्याही सत्याग्रहात उतरले. आपल्या आजोबांच्या पिढीला ज्या राज्यात सभा भरवायची चोरी होती तिथे हा साठीकडे झुकलेला माणूस येऊन उभा राहिला, हे आपण मराठवाड्याच्या लोकांनी विसरू नये.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी पुणे शहरात स्वतंत्र भारताचा झेंडा फडकवण्याचा मान त्यांना देण्यात आला. त्यानंतर त्यांना हवे असते तर स्वस्थ बसता आले असते. पण १८ मे १९५५ रोजी गोवा मुक्तीसाठी सत्याग्रहींची पहिली तुकडी पोर्तुगीजांच्या हद्दीत शिरली, तेव्हा तिच्या आघाडीवर ना. ग. गोरे यांच्याबरोबर चौऱ्याहत्तर वर्षांचे सेनापती बापट होते. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातही ते उतरले आणि १ मे १९६० रोजी राज्य झालेले त्यांनी पाहिले. एवढी वर्षे राजकारणात राहूनही त्यांनी मंत्रिपदाची इच्छा धरली नाही. योगी अरविंदांच्या लेखनाचे मराठी भाषांतर करणारे ते एक विचारवंतही होते. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी, वयाच्या सत्याऐंशीव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. १९७७ साली भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

नाबोथाचा मळा

बायबलमधली नाबोथाच्या द्राक्षमळ्याची गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. अहाब राजाला तो मळा हवा होता. आपण ही गोष्ट आठवतो ती नाबोथाच्या खुनामुळे. पण गोष्टीची सुरुवात नीट पाहिली तर दिसते की राजाने आधी चांगलीच किंमत देऊ केली होती. पैसे घे, नाहीतर याहून चांगला मळा घे. व्यवहार म्हणून त्यात खोट नव्हती. नाबोथ नाही म्हणाला, कारण ती त्याच्या वाडवडिलांची जमीन होती. अन्याय सुरू झाला तो या नकारानंतर. राजाला किंमत द्यायची तयारी होती, पण नाही हा शब्द ऐकायची तयारी नव्हती.

मुळशीचा प्रश्नही नेमका हाच होता. भरपाई किती, हा पुढचा प्रश्न. पहिला प्रश्न असा की नाही म्हणण्याचा अधिकार गरिबाला आहे का? ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या हो म्हणण्याला काही अर्थ उरत नाही.

या प्रश्नाचे उत्तर कायद्यात यायला फार वर्षे लागली. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्राने १९७६ साली केला. ते नाथसागराचे धरण पूर्ण होण्याचेच वर्ष. त्या आजीबाईंचे गाव तोवर उठून गेले होते. आणि १८९४ चा जुना भूसंपादन कायदा रद्द होऊन नवा कायदा २०१३ साली झाला आणि १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. या नव्या कायद्याप्रमाणे खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची असेल तर ८० टक्के बाधित कुटुंबांची आधी संमती लागते. सरकार आणि कंपनी मिळून प्रकल्प करणार असतील तर ७० टक्क्यांची. मुळशीचे मावळे जे मागत होते ते नव्वद वर्षांनी कायद्याच्या पुस्तकात आले. बापट हरले, पण त्यांचा प्रश्न हरला नाही.

याच कायद्यात आणखी एक गोष्ट आहे जी आपल्या लोकांनी नीट लक्षात ठेवावी. बाधित कुटुंब म्हणजे केवळ सातबाऱ्यावर नाव असलेले कुटुंब नव्हे. त्या जमिनीवर तीन वर्षे आधीपासून ज्यांचे पोट मुख्यतः अवलंबून आहे असे शेतमजूर, कुळे, वाटेकरी आणि कारागीर हेही बाधित धरले जातात. मुळशीत सावकाराला भरपाई मिळाली आणि कसणारा उघड्यावर पडला. ते पुन्हा होऊ नये म्हणून ही तरतूद आहे. आपल्यातली कितीतरी कुटुंबे भूमिहीन आहेत. दुसऱ्याच्या शेतावर राबणारा माणूस समजतो की जमीन माझी नाही, तर मोजणीच्या वेळी मी काय बोलणार? कायदा म्हणतो की त्यानेही बोलावे. अर्थात कायद्याला पळवाटाही आहेत. सरकारच्या स्वतःच्या प्रकल्पांना संमतीची अट नाही, आणि महाराष्ट्राने २०१८ साली काही प्रकारच्या प्रकल्पांना या कायद्यातल्या अटींतून सूट दिली. म्हणूनच जागे राहणे आवश्यक आहे. मोजणीची नोटीस आली की ती वाचून घ्यावी, समजत नसेल तर जाणत्याला दाखवावी, आणि ग्रामसभेला जावे. आपल्या जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग गेला, पुढेही रस्ते आणि कारखाने येतील. त्यांना आंधळा विरोध करा असे मी म्हणत नाही. बापटांनी उचललेला प्रश्न मात्र प्रत्येक वेळी विचारला गेला पाहिजे.

पाणी मिळवायचे तर कोणाला तरी उठवलेच पाहिजे, असेही नाही. आपल्या जालना तालुक्यातले कडवंची गाव पाहा. १९९६ पासून तिथे पाणलोटाचे काम झाले. डोंगरउतारावर चर, शेतांना बांध, ओढ्यांवर छोटे बंधारे. ज्या इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात ते झाले, त्याच्या उभारणीत नगरला काम करणारे येशूसंघीय धर्मगुरू फादर हर्मन बाकर यांचा मोठा वाटा होता. त्या कार्यक्रमाची अट अशी की गावाने एकत्र बसून आधी होकार द्यायचा, श्रमदान करायचे, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळायची. गावाने नाही म्हटले तर काम होणार नाही. आज कडवंचीची द्राक्षे प्रसिद्ध आहेत आणि त्या पाण्यासाठी एकही गाव बुडालेले नाही. मोठ्या शहराची तहान अशा बंधाऱ्यांनी भागणार नाही, हे खरे. पण आधी विचारून, सर्वांना बरोबर घेऊन पाणी अडवता येते, हे त्या गावाने दाखवून दिले आहे.

त्या आजीबाईंकडे मी पुन्हा गेलो तेव्हा त्यांना बापटांची गोष्ट सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि शेवटी एवढेच विचारले की त्या मुळशीच्या लोकांचे पुढे काय झाले. मला उत्तर द्यायला जड गेले. कोणी कोठे गेले, कोणी तळ्याच्या काठावर वर सरकले, कोणी मुंबईला हमालीला गेले. ज्यांच्या गावावर वीज तयार झाली त्यांच्यातल्या कित्येकांच्या घरी पुढे अनेक वर्षे दिवाच नव्हता.

आज घरी गेल्यावर नळ सुटेल तेव्हा लहान मुलांना जवळ घेऊन हे पाणी कुठून येते ते सांगा. ज्यांची गावे त्याखाली आहेत त्यांची एकदा आठवण काढा. आणि तुमच्या शेजारी कोणी विस्थापित कुटुंब असेल, तर त्यांना त्यांच्या गावाचे नाव विचारा. बऱ्याच वर्षांत ते कोणी विचारले नसेल.

तुमचा,
प्रमुख धर्मगुरू